पैंजणाच्या लेखाचे नऊ धनी

लेख तेवढा पाठवायचा होता. मोजकी पानं आणि दोन नावं. पहिलं नाव आदितीचं, दुसरं धम्मपाल सरांचं. गुपचूप पाठवला असता तर दुपारच्या चहाआधी काम उरकलं असतं. पण चारचौघांना विचारल्याशिवाय एखादं काम केलं की धम्मपाल सरांना ते चोरून केल्यासारखं वाटायचं, आणि कोल्हापुरात विचारायला चारचौघे शोधावे लागत नाहीत. ते आधीच येऊन बसलेले असतात.

धम्मपाल सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उचगावला राहायचे. आदिती त्यांच्याकडं पीएच.डी. करत होती. ती हुपरीची, घरात पैंजणांचा धंदा. पैंजण काळं का पडतं आणि पडू नये म्हणून काय करावं, हाच तिचा विषय. डाळिंबाच्या सालीचा अर्क काढायचा, त्याचा पातळ थर पैंजणावर द्यायचा, मग ते पैंजण सडक्या अंड्यासारख्या वासाच्या वायूत ठेवायचं आणि काळं पडतंय का ते बघत बसायचं. हा वायू स्वभावानं मोकळा असतो, दार लावलं तरी बाहेर येतो. त्यामुळं आदितीचे प्रयोग चालू होते तोवर प्रयोगशाळेकडं कुणी फिरकलं नाही. विभागप्रमुख गणपतराव नाकाला रुमाल लावून ऑफिसात बसत आणि "ह्या पोरीचं संशोधन कधी संपणार ओ?" एवढी एकच शास्त्रीय चौकशी करत.

प्रबंध दाखल करायचा तर बऱ्या नियतकालिकात एक लेख छापून यायला हवा होता आणि त्यात आदितीचं नाव पहिलं असायला हवं होतं. नोंदणीची मुदत संपत आली होती. ती गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, वासासकट. हे सरांना ठाऊक होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं ते ठाऊक नसल्यासारखे वागले.

त्यांनी लेखाची प्रत काढली आणि स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवली. नुसती ठेवली. गणपतरावांनी ती उचलली, वरची ओळ वाचली आणि खाली ठेवली. लेख त्यांच्या दृष्टीनं तिथंच संपला होता.

"काय ओ धम्मपाल, एकटंच जेवाय बसलाय व्हय?"

"म्हणजे?"

"दोनच नावं हायत की ह्यात. प्रयोगशाळेची चावी कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मग?"

ह्या 'मग'ला शास्त्रात उत्तर नाही. सरांनी पेन काढलं आणि गणपतरावांचं नाव लिहिलं. ते पूर्ण व्हायच्या आत गणपतराव गंभीर झाले. "माझं जाऊ द्या हो. पण जिनगोंडा सरांना विसरून कसं चालंल? हा विभाग कुणी उभा केला? काचेचं सामान कुणी आणलं?"

कै. जिनगोंडा सर आदिती शाळेत असतानाच वारले होते. पण नाव असं निघालं की नको म्हणणारा माणूस कृतघ्न ठरतो. सरांनी तेही लिहिलं. विभागात दोन सहकारी असे होते की जे एकमेकांशी बोलत नसत. त्यातल्या एकानं "माझा वजनकाटा वापरला होता" अशी आठवण करून दिली. त्याचं घातलं म्हणून दुसऱ्याचं घालावं लागलं, नाहीतर तो सरांशीही बोलायचा बंद झाला असता. प्राचार्य हंबीररावांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "माझा काही आग्रह नाही. संस्थेला काय वाटेल तेवढं बघा." संस्थेला काय वाटेल हे नेहमी हंबीररावांच्या चेहऱ्यावर दिसायचं. त्यांचं नाव घातल्यावर संस्थेला बरं वाटलेलं दिसलं.

घरी शेजारच्या शालूबाई वाटच बघत होत्या. त्यांचे जावई सांगलीला इंजिनीअरिंग कॉलेजात संगणक शिकवायचे आणि त्यांची बढती एका लेखावाचून अडली होती.

"जावयबापूंचं नाव तेवढं टाका की सर. नावाला काय वजन असतंय व्हय?"

"पण लेख चांदीचा आहे, शालूबाई."

"असूं दे की. त्यांच्या लग्नात आम्ही चांदीचीच भांडी दिलती."

शेवटचं नाव सरांनी स्वतःहून घातलं. इतक्या सगळ्यांना घेतलं आणि ज्यांच्या घरची पैंजणं काळी केली त्या आदितीच्या वडिलांना, बापूसोंना, वगळलं तर हुपरीला कुठल्या तोंडानं जायचं? असे नऊ झाले. नऊच्या नऊ जणांना मान होता, त्यामुळं कोण आधी आणि कोण नंतर हा प्रश्न आला. तो सोडवायला सर आपल्या वडिलांकडं, अण्णासोंकडं गेले.

ही चूक दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाकडून झाली नसती. पण दुसऱ्या प्राध्यापकाच्या घरी अण्णासो नव्हते. एस.टी.तून निवृत्त झाल्यापासून अण्णासो लग्नपत्रिकेतली नावं लावून देत. भावकीतले, पेठेतले, पार शाहूवाडीकडचे लोक त्यांच्याकडं यायचे. कुणाचं नाव कुणाच्या वर, 'कैलासवासी' कुठं, 'आमचे मार्गदर्शक' कुठं, रुसलेल्या मेव्हण्याला 'व्यवस्थापक' करायचं की 'स्वागतोत्सुक', हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी लावलेल्या पत्रिकेवरून आजवर एकाही लग्नात पंगत उठून गेली नव्हती.

अण्णासोंनी चष्मा लावून नऊ नावं वाचली.

"हे लई सोपं हाय. वारलेलं माणूस सगळ्यात वर. मग खुर्ची. मग वय. मग पावणं. मग पोरं."

"आदिती?"

"वय काय तिचं?"

"पंचविशीतली आहे."

"मग पोरांत."

मीनाबाई, सरांच्या आई, भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "ह्यात नवरी कोण हाय पण?"

अण्णासोंनी कागद उलटा करून पाहिला. "नवरी पत्रिकेत मधी असती," ते म्हणाले. "ह्यात मधी जागाच न्हाय ठेवल्याली. त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी आदितीनं नवी प्रत हातात घेतली. वरून खाली वाचत गेली. तिचं बोट बराच वेळ खाली जात राहिलं.

"सर, हे मला ठाऊक आहे," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडच्या पत्रिकेत इथं 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं असतं."

"आदिती, शेवटचं नाव लक्षात राहतं गं."

"विद्यापीठाला पहिलं लागतं."

"संपादकांना आपण नंतर समजावून सांगू."

"जिनगोंडा सरांनाही समजावून सांगणार का?"

आदितीनं प्रत टेबलावर ठेवली आणि प्रयोगशाळेत गेली. थोड्या वेळानं तिथून तो वास यायला लागला. त्या दिवशी प्रयोग नव्हता.

लेख पुण्याच्या एका नियतकालिकाकडं गेला. तिथल्या संगणकाला प्रत्येक लेखकाचा ई-मेल लागत होता. कैलासवासी माणसाचा ई-मेल नसतो आणि जागा मोकळी ठेवली की संगणक पुढं सरकत नाही, म्हणून सरांनी जिनगोंडा सरांसाठी विभागाचाच पत्ता दिला. हे बरोबर नव्हे हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. पण नावं घालताना जी सवय लागली होती ती पत्ता घालताना एकदम कशी सुटणार?

त्या नियतकालिकाची एक वाईट खोड होती. ते विचारायचे. प्रत्येक लेखकाला त्यांनी वेगळं पत्र धाडलं : आपण हा लेख वाचला आहे का, आणि या कामात आपला नेमका वाटा काय? हयात आठ जणांनी एकमेकांना न विचारता उत्तरं दिली, हा कोल्हापूरच्या इतिहासातला विरळा प्रसंग, आणि तो नेमका नको तिथं घडला.

प्राचार्य हंबीररावांनी 'प्रेरणा' असा एकच शब्द लिहिला. गणपतरावांनी चावीचा उल्लेख केला. दोघा सहकाऱ्यांपैकी पहिल्यानं आपला वाटा सांगितला आणि दुसऱ्याचा काही नाही हेही सांगितलं. दुसऱ्यानं तेच केलं, फक्त नावं उलटी. शालूबाईंच्या जावयांनी अत्यंत सभ्यपणे लिहिलं, 'लेख कशाबद्दल आहे ते कळवल्यास वाटा सांगता येईल.' बापूसोंनी लिहिलं, 'पैंजणं माझी. अजून परत आली नाहीत.' विभागाच्या पत्त्यावर आलेलं जिनगोंडा सरांचं पत्र गणपतरावांनी उघडलं आणि भक्तिभावानं तसंच ठेवलं.

मग फोन आला. संपादक बाई होत्या, आवाज अगदी शांत.

"प्राध्यापक धम्मपाल ना? आपल्या पहिल्या लेखकांचं उत्तर आलेलं नाही."

"ते येणार नाही, मॅडम. ते वारले."

"अरेरे. केव्हा?"

"झाली बरीच वर्षं."

पलीकडं पान उलटल्याचा आवाज आला. "मग सगळ्यांनी लेख वाचून संमती दिल्याचं अर्जात लिहिलंय, ते कसं?"

"त्यांची हरकत नसती," सर म्हणाले आणि म्हणताक्षणी त्यांना आपलाच आवाज परक्या माणसाचा वाटला.

"हे बघा, एरवी मी लेख सरळ परत पाठवला असता, तुमच्या कॉलेजलाही कळवलं असतं. पण काम चांगलं आहे म्हणून विचारते. हे प्रयोग केले कोणी?"

"आदितीनं."

"लिहिलं कोणी?"

"तिनंच. मी दाखवून दिलं, दोनदा तपासलं, आकडे पडताळले."

"मग ती नववी का?"

सरांनी खरं ते सांगितलं. "ती वयानं लहान आहे, मॅडम."

बाई म्हणाल्या, ज्यांनी काम केलं त्यांचीच नावं ठेवा. जी काढाल त्या प्रत्येकाची सही आणा, कारणासकट. महिनाअखेरपर्यंत वाट बघते. महिनाअखेरीलाच आदितीची मुदत संपत होती.

ही बातमी कळताच गणपतरावांनी तोड काढली. शाहूपुरीत त्यांच्या ओळखीचा एक छापखाना होता. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका निघायच्या, मागच्या खोलीतून एक आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका. सर गेले. नाही म्हणायचं तरी आधी जाऊन यावं, असा त्यांचा स्वभाव.

"मजकूर राहू द्या," मालक म्हणाले, "नावं सांगा. नऊ? बसत्यात की. फोटो आणलाय का? वर काय टाकायचं, गणपती का बुद्ध?"

"हा शास्त्रीय लेख आहे."

"मग काही न्हाय टाकत. नक्षी तेवढी टाकतो."

"लेख तपासणार कोण?"

मालकांनी सरांकडं काळजीनं पाहिलं. "का ओ? चुका हायत व्हय त्यात?"

विद्यापीठ असल्या पत्रिका मानत नव्हतं. तिथं छापलं की नऊ जण खूश होणार होते आणि आदितीचा प्रबंध तसाच राहणार होता. नऊ जणांत ती स्वतःही होती, पण तिची खुशी कुणी धरलीच नव्हती. नमुन्यादाखल मालकांनी हातात एक पत्रिका ठेवली. वर कुणा चिमणाबाईंचा फोटो होता आणि खाली 'मातीतील सूक्ष्मजीव' असा लेख. सरांनी ती जपून टेबलावर ठेवली आणि ते बाहेर पडले. मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही. तिला बराच वेळ किक मारत असताना त्यांनी ठरवलं की सह्या आणायच्या.

शालूबाईंच्या जावयांनी सही करून कागदाचा फोटो फोनवरच धाडला. त्यांनी अखेर लेख उघडून बघितला होता. बापूसो म्हणाले, "काढा की सर! पोरीचं पुढं येत असंल तर माझं कशाला पायजे? मला वाटलं तुम्हीच रुसाल. पैंजणाचं मात्र बघा." दोघा सहकाऱ्यांना सरांनी वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकाला एवढंच सांगितलं की दुसरा निघतोय. दुसरा निघताना बघायचं तर आपणही निघावं लागतंय हे त्यांना खटकलं, पण सौदा पटला.

प्राचार्यांकडं सर मुद्दे लिहून घेऊन गेले होते. सचोटी, विद्यार्थ्याचा हक्क, ज्ञानाची प्रतिष्ठा. हंबीररावांनी सगळं ऐकलं. "बरोबर आहे, पण संस्थेला काय वाटेल?"

मुद्दे संपले होते. सर उठता उठता म्हणाले, "ठीक आहे सर. फक्त एक आहे, नाव असलं की लेखातल्या प्रत्येक वाक्याला आपण सगळेच जबाबदार. उद्या कुणी आक्षेप घेतला तर चौकशी समिती कुणालाही बोलावून विचारू शकते."

"कुणालाही?"

"हो."

"रसायनशास्त्रातलं?"

"तेच."

हंबीररावांचा विषय इतिहास होता. त्यांनी सही केली आणि संस्थेला अत्यंत समाधान वाटत असल्याचं सांगितलं.

राहिले जिनगोंडा सर. वारलेल्या माणसाचं नाव काढायला सही कुणाची घ्यायची? अण्णासोंनाही सांगता येईना. पत्रिकेत कैलासवासी एकदा चढला की उतरवायची रीत नव्हती. सर पेढे घेऊन जिनगोंडा सरांच्या पत्नीकडं, राजमतीबाईंकडं गेले. बाई थकल्या होत्या, पण ताठ बसायच्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "हा लेख चांगला हाय?"

"चांगला आहे."

"त्या पोरीनं केलाय?"

"हो."

"आमच्या ह्यांच्याकडं पोरं यायची. म्हणायची, सर, तुमचं नाव घालतो. हे म्हणायचे, मी केलंय काय त्यात? नुसतं शिकवलं. ते माझं कामच की. जन्मभर कुणाच्या कागदावर फुकटचं नाव चढू दिलं न्हाई त्या माणसानं." त्यांनी पेढ्यांचा पुडा सरांकडं परत सरकवला. "मेल्यावर बरं गाठलंसा त्यास्नी. आता नको म्हणाय येत न्हाय, म्हणून व्हय?"

सर पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. राजमतीबाईंनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानं. पेन परत देताना म्हणाल्या, "तुम्ही काय वाईट माणूस न्हाय सर. तुम्हाला कुणी रुसलेलं बघवत न्हाय, एवढंच. पण ती पोरगी रुसली असंल, ते बरं बघवलं."

जिना उतरताना पुड्याची दोरी सुटली. पेढे पायरीपायरीनं सरांच्या पुढं खाली गेले.

गणपतराव शेवटी राहिले होते. "मी सही करणार न्हाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं. सरांनी राजमतीबाईंची सही त्यांच्यापुढं ठेवली.

"जिनगोंडा सर निघाले. प्राचार्य निघाले. आता आमच्या अण्णांच्या हिशोबानं पहिलं नाव तुमचं."

गणपतराव सावरून बसले. "असं म्हणता?"

"हो. आणि संपादक बाईंचे काही प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं पहिल्या लेखकानं द्यायची. फोन लावू?"

"थांबा. कसले प्रश्न?"

"सोपे आहेत. चांदी काळी पडू नये म्हणून हा थर नेमकं काय करतो, एवढंच."

गणपतराव विचारात पडले. बाहेर तास संपल्याची घंटा झाली. "थर म्हणजे," ते म्हणाले, "तो झाकतो."

"आणि?"

"झाकतोच की ओ! आणि काय करणार?" मग आवाज खाली आला. "आणा इकडं पेन. पण लक्षात ठेवतो मी हे, धम्मपाल."

त्यांनी लक्षात ठेवलं. पुढच्या वेळापत्रकात सकाळची सगळी प्रात्यक्षिकं सरांकडं आली, आणि स्नेहसंमेलनात वाहनतळाची जबाबदारी. शिट्टी वाजवून सर गाड्या लावत उभे असायचे आणि विद्यार्थी त्यांना "मामा, हिथं लावू का?" असं विचारायचे.

ते सगळं नंतर. त्याआधी, विभागाच्या पत्त्याची गोष्टही न लपवता लिहिलेल्या दिलगिरीच्या पत्रासह लेख पुन्हा गेला. पहिलं नाव आदितीचं, दुसरं धम्मपाल सरांचं. पाठवायच्या आधी सरांनी प्रत आदितीपुढं ठेवली. तिनं वरची ओळ वाचली.

"तुमचं राहू दिलंत?"

"काढू?" सर म्हणाले. त्यांनी खरंच पेन काढलं होतं.

आदितीनं जरा विचार केला. "नको," ती म्हणाली. "आकडे तुम्ही पडताळले होते. एक चूकही सापडली होती. राहू दे."

मुदतीच्या आत लेख स्वीकारला गेला, प्रबंध दाखल झाला आणि यथावकाश आदितीला पदवी मिळाली. बापूसोंनी सरांना हुपरीला जेवायला बोलावलं. सर स्टँडवर उतरले तर समोरच एक भला मोठा फ्लेक्स. मध्ये आदितीचा फोटो, माणसाएवढा. खाली 'हार्दिक अभिनंदन' आणि भोवती शुभेच्छुक. प्राचार्य हंबीरराव हात जोडून. गणपतराव फोन कानाला लावून. दोघे सहकारी दोन टोकांना. शालूबाईंचे जावई गॉगल लावून. सरांनी दोनदा नीट पाहिलं. त्यांचा फोटो नव्हता.

तेवढ्यात बापूसो मोटारसायकलवरून न्यायला आले. त्यांनीही फ्लेक्सकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आयला सर! तुमचंच राह्यलं की! कोण रुसंल, कोण रुसंल ह्या नादात आपलं माणूसच घालायचं राह्यलं. थांबा, आत्ता त्या फ्लेक्सवाल्या पोराला फोन लावतो, कोपऱ्यात चिकटवाय सांगतो."

"नको, राहू द्या."

"न्हाय, न्हाय, असं कसं?" म्हणत बापूसो फोन लावत बाजूला गेले.

सर फ्लेक्सखाली उभे राहिले. शेजारी दोघी बाया बसची वाट बघत होत्या. एकीनं मान वर करून सगळे फोटो पाहिले आणि दुसरीला विचारलं, "काय केलंय गं तानाबाई, ह्या लोकांनी?"

"त्या पोरीनं केलंय. चांदी काळी पडत न्हाय असं कायतरी. डाक्टर झाली ती."

"आणि ही बाकीची?"

"ती?" तानाबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ती असत्यातच."

सर वळले आणि घाईघाईनं बापूसोंच्या मागं गेले. पोरगा अजून फोटो चिकटवायला निघाला नसेल, तर त्याला तिथंच थांबवायचं होतं.